दीर्घिकांचा वारा मोजायचा तर नोंद तुटता कामा नये

उरणकरांना वायूची ओळख करून द्यायला नको. बॉम्बे हायचा वायू समुद्रतळावरच्या वाहिनीतून इथे येतो, ओएनजीसीच्या प्रकल्पात त्यावर प्रक्रिया होते, बोकडवीऱ्याच्या केंद्रात त्याच्यावर वीज तयार होते आणि उरलासुरला वायू उंच नळीच्या टोकाला जळताना रात्री दूरवरून दिसतो. त्या ज्वाळेत कोणती मूलद्रव्ये आहेत हे कळायला नळीवर चढावे लागत नाही. ज्वाळेचा उजेड लोलकातून पसरवून त्याचा वर्णपट पाहिला, की ज्याची त्याची रेघ आपापल्या जागी उमटते. रेघ ठरल्या जागेपासून निळ्या बाजूला सरकलेली असेल तर वायू आपल्याकडे येतो आहे, तांबड्या बाजूला असेल तर दूर जातो आहे. एवढ्याच भांडवलावर खगोलशास्त्रज्ञांनी गेल्या साठ वर्षांत एक मोठी गोष्ट सिद्ध केली. दीर्घिकांच्या मध्यभागी बसलेली महाकाय कृष्णविवरे केवळ गिळत नाहीत, उधळतातही. ज्या दीर्घिकांची केंद्रे अशी खवळलेली असतात त्यांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. त्यांच्या केंद्रातून सेकंदाला शेकडो, हजारो, कधी कधी लाखभर किलोमीटर वेगाने वायू बाहेर पडत असतो.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा, परदेशी दुर्बिणींचा, असा समज आहे. तो खरा नाही. या शोधाचे काही धागे पुण्यातून, कोकणातून आणि आपल्या रायगड जिल्ह्यातूनही जातात. मात्र ते सलग नाहीत, मध्ये मध्ये तुटलेले आहेत. ते का तुटले, हा या लेखाचा विषय.

सुरुवात १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणापासून करावी लागते. ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून देशात शिरली आणि मछलीपट्टणच्या बाजूने बाहेर पडली. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवले जातात आणि नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने तिथे बसून हेलियम शोधला असे सांगितले जाते. दरवर्षी त्या दिवशी तिथे हेलियम दिन साजरा होतो. उत्साह चांगला आहे, पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या रेघा पाहता येतात हे त्यांनी तिथेच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दाखवून दिले. ग्रहणात वर्णपटदर्शक लावून बसले होते ते गुंटूरला जान्सेन आणि टेनंट, मछलीपट्टणला पॉगसन आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल. आज कर्नाटकात असलेल्या त्या छोट्या संस्थानाचे नाव आज कोणी घेत नाही आणि विजयदुर्गाला जे घडले नाही त्याचे श्रेय मिळते. दंतकथा जपण्यात आपण तरबेज, कागदपत्रे जपण्यात तितके नाही.

खरे मोठे काम पुण्यात झाले आणि ते जवळजवळ विसरले गेले. कावसजी दादाभाई नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. पुढे इंग्लंडची फेरी करून आल्यावर नायगमवालांनी प्रयोगशाळेऐवजी वेधशाळेचा आग्रह धरला. १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यातली ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती.

त्या दुर्बिणीतून नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची हिरवी रेघ तपासली. ही रेघ ५००.७ नॅनोमीटरवर पडते. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये ती एका तेजोमेघात प्रथम पाहिली, पण ती कोणत्या मूलद्रव्याची हे कोणालाच माहीत नव्हते. लॉकियर यांचे म्हणणे होते की ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे. आकाशातले सगळे काही उल्कांच्या टकरींतून घडते, या त्यांच्या सिद्धान्ताला तशा पुराव्याची गरज होती. पट्ट्याचा अवशेष असेल तर रेघ एका बाजूला पुसट व्हायला हवी. नायगमवालांना ती प्रत्येक वेळी बारीक आणि स्वच्छ दिसली आणि १८९१ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. पुण्याच्या एका प्राध्यापकाने लंडनच्या बड्या नावाला पुराव्याने खोडून काढले होते. रेघेचे कोडे सुटायला १९२७ साल उजाडले. आयरा बोवेन यांनी दाखवले की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे.

आज सक्रिय दीर्घिकांमधून वायू बाहेर पडतो आहे की नाही हे पाहायचे असेल तर दृश्य प्रकाशात सर्वांत आधी तपासली जाते ती हीच ऑक्सिजनची रेघ. तिला निळ्या बाजूने शेपटी फुटलेली दिसली की वायू आपल्या दिशेने फेकला जातो आहे असे समजतात. नायगमवालांची रेघ नीटस होती कारण मृगातला तेजोमेघ त्या मानाने शांत आहे.

१८९८ च्या २२ जानेवारीला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला नायगमवाला आपली तुकडी घेऊन खग्रास ग्रहणासाठी गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही त्याच गावी आले होते. दोन्ही वेधशाळांची पुढची वाट मात्र वेगळी झाली. लिकमध्ये १९०८ मध्ये एडवर्ड फाथ यांनी एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या केंद्रात तेजोमेघात दिसतात तशा रेघा पाहिल्या आणि सक्रिय दीर्घिकांच्या अभ्यासाचा पाया तिथे पडला. पुण्यात १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला पाठवली गेली. एका माणसाच्या उमेदीवर उभे राहिलेले काम त्या माणसाच्या निवृत्तीबरोबर संपले. पुण्यात खगोलशास्त्राची मोठी संस्था, म्हणजे आयुका, पुन्हा उभी राहायला १९८८ साल यावे लागले. तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

मधल्या काळात जग कुठे पोहोचले? कार्ल सेफर्ट यांनी १९४३ मध्ये सहा सक्रिय दीर्घिकांच्या रुंद रेघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६७ मध्ये रॉजर लिंड्स यांना पीएचएल ५२०० या क्वासारच्या, म्हणजे अतिशय तेजस्वी सक्रिय दीर्घिकेच्या, वर्णपटात निळ्या बाजूला खोल, रुंद खड्डे आढळले. केंद्राच्या प्रखर उजेडासमोरून वायू आपल्याकडे धावत येत होता आणि वाटेत तो उजेड शोषून घेत होता. दोन वर्षांनी अँडरसन आणि क्राफ्ट यांनी एनजीसी ४१५१ या जवळच्या दीर्घिकेतही वायू बाहेर पडत असल्याचे दाखवले. मग लक्षात आले की खरी माहिती दृश्य प्रकाशात नाहीच. प्रचंड तापलेल्या वायूत कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आपले बरेचसे इलेक्ट्रॉन गमावून बसतात आणि त्यांच्या मुख्य रेघा अतिनील किरणांत पडतात. त्याहून जास्त भाजून निघालेल्या वायूच्या रेघा क्ष-किरणांत जातात. लोखंडाचे २६ पैकी २४ किंवा २५ इलेक्ट्रॉन उडालेले असले, की त्याच्या रेघा ६.७ आणि ६.९७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर सापडतात. पृथ्वीचे वातावरण हे दोन्ही किरण अडवते. ते अडवते म्हणून आपण जिवंत आहोत, पण खगोलशास्त्रज्ञाला मग उपग्रहाशिवाय गत्यंतर नाही.

१९७८ मध्ये आययूई हा ४५ सेंटिमीटर दुर्बिणीचा छोटा अतिनील उपग्रह सोडला गेला. त्याचे अपेक्षित आयुष्य तीन वर्षांचे होते, तो चालला १९९६ पर्यंत. १९८४ मध्ये ज्यूल्स हॅल्पर्न यांनी आइनस्टाइन उपग्रहाच्या क्ष-किरण नोंदींवरून एमआर २२५१-१७८ या क्वासारसमोर तापलेल्या वायूचा पडदा असल्याचे ओळखले. १९९९ मध्ये चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन हे दोन क्ष-किरण उपग्रह बारीक रेघा सुट्या करणाऱ्या जाळ्या घेऊन वर गेले. 

एवढे सगळे हाती असूनही मुख्य प्रश्नाचे उत्तर अजून पूर्ण मिळालेले नाही. बाहेर पडणारा वायू नेमका किती? तो खूप असेल तर दीर्घिकेत नवे तारे बनायला कच्चा माल उरत नाही, म्हणजे एक कृष्णविवर अख्ख्या दीर्घिकेचे नशीब ठरवते. तो थोडा असेल तर हा नुसता देखावा. वर्णपटातून वेग कळतो, वाटेतल्या वायूची जाडी कळते, तो किती भाजला आहे तेही कळते. कळत नाही ते अंतर. वायूचा पडदा कृष्णविवराला खेटून आहे की शेकडो प्रकाशवर्षे दूर, यावर एकूण वायूचा हिशेब कित्येक पटींनी बदलतो आणि एका छायाचित्रासारख्या वर्णपटातून ते सांगता येत नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे थांबून पुन्हा पाहणे. केंद्राचा उजेड वाढतो, मंदावतो. वायू दाट असेल तर तो लगेच प्रतिसाद देतो, विरळ असेल तर उशिरा. हा उशीर मोजला की घनता मिळते आणि घनतेवरून अंतर काढता येते. त्यासाठी तीच दीर्घिका महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे पाहावी लागते, आणि अतिनील व क्ष-किरण एकाच वेळी पाहिले तर उत्तम. एनजीसी ५५४८ ही सुमारे साडेचोवीस कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका २०१३ मध्ये हबलसह सहा उपग्रहांनी मिळून पाहिली. केंद्राजवळून निघालेल्या एका नव्या वायुझोताने तिचे मऊ (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण जवळजवळ झाकून टाकले होते. येल्ले कास्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. झोत नवा आहे हे त्यांना कशावरून कळले? त्याच दीर्घिकेचे दहा-बारा वर्षांपूर्वीचे वर्णपट जपून ठेवलेले होते त्यावरून. जुनी वही नसती तर नवल कळलेच नसते.

या कामात महाराष्ट्राने काय केले ते आता पाहू. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुकाने २००६ मध्ये आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटर आरशाची दुर्बीण सुरू केली. जगाच्या मापाने ती छोटीच. पण विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या क्वासारांचा अतिनील उजेड ताणला जाऊन दृश्य प्रकाशात येतो आणि जे इतरांना उपग्रहातून पाहावे लागते ते इथे डोंगरावरून दिसते. एम. विवेक, आर. श्रीआनंद, आशिष महाबळ आणि व्ही. सी. कुरियाकोस यांनी याचा नेमका फायदा घेतला. ७०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला उजेड आपल्याकडे पाठवणाऱ्या एका क्वासारवर त्यांनी गिरवलीहून पाळत ठेवली. स्लोन आकाश-सर्वेक्षणाच्या जुन्या वर्णपटात या क्वासारमधून सेकंदाला १७ हजार किलोमीटर वेगाने निघालेल्या मॅग्नेशियमची रुंद शोषणरेषा होती. ती नाहीशी झाली होती. तिच्या जागी २८ हजार किलोमीटर वेगाची नवी रेषा उगवलेली दिसली, आणि पाळत चालू असतानाच तीही विरत गेली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताणली जाऊन आणि पुन्हा वेगामुळे निळ्या बाजूकडे सरकून मॅग्नेशियमच्या या रेषा साधारण ४९० ते ५१० नॅनोमीटरच्या हिरव्या पट्ट्यात पडल्या. लॉकियर यांनी ज्या पट्ट्यात मॅग्नेशियम असल्याचा दावा केला आणि नायगमवालांनी तो फेटाळला, तोच हा पट्टा. एकशे वीस वर्षांनी पुण्याच्याच लोकांना तिथे मॅग्नेशियम सापडले, फक्त ते मृगाच्या तेजोमेघातले नव्हते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली नसती तर हा योगायोग आज आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असता.

दुसरा मोठा टप्पा आपल्या समोरच्या किनाऱ्याचा. उरणहून बंदराच्या पलीकडे जी मुंबई दिसते तिच्या दक्षिण टोकाला कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहाची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण या संस्थेने बांधली, मोठे क्ष-किरण शोधकही तिथलेच. अतिनील दुर्बीण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने झाली, तिच्यात आयुकाचाही वाटा आहे. एकाच वस्तूकडे एकाच क्षणी अतिनील आणि क्ष-किरणांत पाहायचे, ही या उपग्रहाची कल्पना. वर सांगितलेल्या उशिराच्या मोजमापाला ती मुळातच सोयीची. आयुकात गुलाब देवांगण यांच्या गटाने अतिनील दुर्बिणीतल्या जाळ्यांचे अंशांकन करून सक्रिय दीर्घिकांचे वर्णपट वापरण्याजोगे केले.

पण खरे तेच सांगितले पाहिजे. या जाळ्या रुंद रेघांसाठी आहेत. हजार किलोमीटर वेगाने कार्बनची अतिनील रेघ जेमतेम अर्धा नॅनोमीटर सरकते आणि एवढा बारीक फरक ॲस्ट्रोसॅटला सुटा करता येत नाही. क्ष-किरणांतही तेच. ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी ॲस्ट्रोसॅटची नजर सुमारे दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टची. जपानच्या पुढाकाराने २०२३ मध्ये सोडलेल्या एक्सरिझमची नजर पाचच्या आसपास. त्या नजरेमुळेच पीडीएस ४५६ या क्वासारमधला प्रकाशाच्या वेगाच्या २० ते ३० टक्के वेगाने निघणारा वारा एकसंध नाही, किमान पाच वेगवेगळ्या वेगांच्या ढेकळांचा आहे, हे २०२५ मध्ये कळले. ॲस्ट्रोसॅटचा अर्धा अतिनील भाग तर २०१८ मध्येच बंद पडला. पाच वर्षांसाठी सोडलेल्या उपग्रहाने सप्टेंबर २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली, हे कौतुकाचेच. पण म्हाताऱ्या उपग्रहाच्या आयुष्यावर पुढच्या पिढीचे संशोधन टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही.

उरणच्या वाचकाला आता करंज्याहून रेवसला नेतो, कारण जुने साधन संपताना नोंद अखंड कशी ठेवायची, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी सोडवून दाखवला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. मुंबईतल्या ट्राम विजेवर धावणार असे ठरले तेव्हा ही नोंद बिघडणार हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी जागा निवडली. इमारतीसाठी चुंबकाला न चळवणारा पोरबंदरचा दगड आणला आणि मुख्य म्हणजे १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग इथे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन ठिकाणांतला फरक त्यामुळे नेमका कळला आणि मालिका अखंड राहिली. त्याच सरकारच्या अमलात, सहाच वर्षांनी पुण्याची वेधशाळा मात्र गाठोडे बांधून पाठवली गेली.

अशा जपलेल्या नोंदींचे फळ पुढच्या पिढ्यांनाही मिळाले. २००३ मध्ये नवी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह कुलाब्याच्या जुन्या नोंदी काढल्या. सप्टेंबर १८५९ च्या महाकाय सौरवादळात चुंबकत्व सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची नोंद त्यांत होती. आज वीजजाळे आणि उपग्रह यांना सूर्यापासून किती धोका आहे हे ठरवताना जग या आकड्याचा आधार घेते. १८५९ मध्ये त्या वहीत आकडे लिहिणाऱ्याला याची कल्पना असणे शक्य नव्हते.

म्हणून मागणी साधी आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने 'इन्सिस्ट' या एक मीटर आरशाच्या अतिनील दुर्बिणीचा प्रस्ताव मांडलेला आहे, तिच्यात वर्णपटाची सोय आहे. जानेवारी २०२४ मध्ये सोडलेला एक्सपोसॅट हा भारतीय उपग्रह क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजतो, ते काम वेगळे. त्याच्याकडे बोट दाखवून अतिनील दुर्बीण मागे ढकलू नये. नवी दुर्बीण ॲस्ट्रोसॅट चालू असतानाच कक्षेत जावी. दोघांनी किमान काही महिने त्याच दीर्घिका एकाच वेळी पाहाव्यात, म्हणजे दोन्ही वह्या एकमेकींना जुळतील. गिरवलीसारख्या छोट्या दुर्बिणींना क्वासारांवर पाळत ठेवण्यासाठी दर वर्षी ठरावीक रात्री राखून द्याव्यात आणि त्या रात्री संचालक बदलला म्हणून रद्द होऊ नयेत. उपग्रह उडतो त्या दिवशी दूरदर्शनवर सगळे हजर असतात, नोंदी चालू ठेवण्याचा खर्च अंदाजपत्रकात मात्र दर वेळी कापला जाण्याच्या रांगेत उभा असतो. रायगडच्या आणि पुण्याच्या खासदारांनी यावर संसदेत एक प्रश्न तरी विचारावा: ॲस्ट्रोसॅटनंतरच्या अतिनील दुर्बिणीला मंजुरी कधी?